नवरदेवाची उतराई

१९५७ सालच्या मार्गशीर्षात, सारंगखेड्याला तापी ओलांडताना, मोटारीची उतराई आत बसणाऱ्यासह पाच रुपये आणि पायी उतारूची माणशी दोन आणे ठरली. तेव्हा नावाडी, ड्रायव्हर, माझे मामा आणि हळद लागलेला नवरदेव म्हणजे मी, एवढेच हजर होतो. दोन नावा काथ्याच्या दोराने जोडून वर फळ्या टाकल्या होत्या, त्यांवर मोटार उभी होती आणि चाकांमागे दगड लावले होते. ओल्या काथ्याचा तो कुबट वास मला अजून ओळखू येतो. नावाडी म्हणाला, “नवरदेवले खाले उतारा.” “हळद लागेल शे, पाय खाले पडाव नहीं,” म्हणत मामांनी मला आत बसवून दार लावले. मधल्या धारेत नाव तिरपी झाली, एक दगड निसटला आणि मोटार मला घेऊन पाण्याकडे सरकू लागली. “भाऊ, उडी मार!” नावाडी ओरडला. “उतरू नको रे!” मामा ओरडले. “बुडना मंग हळद काय चाटशी, मामा?” नावाडी म्हणाला. मी हातातली नवरदेवाची कट्यार सीटवर टाकून अनवाणी फळीवर उडी घेतली, ड्रायव्हरबरोबर मोटारीला खांदा लावला आणि नावाड्याने दगड पुन्हा चाकाखाली कोंबला. मागचे चाक फळीच्या कडेपासून वीतभर अलीकडे थांबले. पैलतीराला मामांनी मोटारीचे पाच रुपये, शिवाय स्वतःचे आणि ड्रायव्हरचे मिळून चार आणे दिले. नावाड्याचा हात पुढेच राहिला. “नवरदेवना दोन आना ऱ्हायनात. आते तो बी पायवर उना.” मी मोटारीतून उतरून पायी आलो होतो खरा; मामांनी तेही दिले. एकूण पाच रुपये सहा आणे, नावाड्याला.