भोंगामास्तरांची तांबडी

मुलांना घोड्यावर बसायला शिकवणाऱ्या मास्तरांना सगळे पाठीमागे 'भोंगा' म्हणत, आणि मास्तरांना ते चांगलं ठाऊक होतं. रिंगणातून ते ओरडले की पलीकडच्या सायकलच्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा पाठ ताठ करी. "टाचा खाली! लगाम आहे की धुणं वाळत घालायची दोरी?"

आता नेमका त्याच भोंग्याचा गळा बिघडला. ऑपरेशनने जीव वाचेल, पण आवाज जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मास्तरांना घोर लागला तो तांबडीचा. सगळी नवी पोरं याच म्हाताऱ्या घोडीवर शिकत, आणि ती थांबे फक्त मास्तरांच्या आवाजावर. दुसऱ्या कुणाचं तिने ऐकलं नाही, तर शिकवणीला कुलूपच लागणार.

म्हणून त्यांनी भाचीला हाताखाली घेतलं. पोरगी गुणाची, पण बोलणं असं की शेजारी बसलेल्यालाही "काय?" म्हणून विचारावं लागे. मास्तर तिला रोज रिंगणात उभी करत. "पोटातून आवाज काढ!" ती बिचारी घसा फोडून "थांब" ओरडे, आणि तांबडी बिचकून आणखीच जोरात पळे.

"आजारी मांजरासारखी काय ओरडतेस!" एकदा मास्तर चिडून बोलले. भाची डोळे पुसत घोडीला तबेल्यात घेऊन गेली.

बोलून गेल्यावर मास्तरांचा जीव थाऱ्यावर राहीना. समजूत काढायला म्हणून गेले आणि दारातच थबकले. आत ती तांबडीला खरारा करत होती आणि आपल्या नेहमीच्या आवाजात तिच्याशी बोलत होती. "मामा गप्प झाला की आपलं कसं व्हायचं गं? थांब गं बाई, पाय नको हलवूस." घोडीने उचललेला पाय खाली ठेवला आणि गुमान उभी राहिली.

मास्तरांनी कपाळावर हात मारला. लोकांच्या लेकरांना आधी खरारा, मग घोड्याला धरून चालवणं, मग खोगीर, असं एकेक पायरी चढवणारा हा माणूस. घरच्या पोरीला मात्र थेट शेवटच्या पायरीवर उभं करून वर तिच्यावरच खेकसत होता.

"चुकलंच माझं," ते म्हणाले. "उद्यापासून तुझ्याच आवाजात. आणि अगदी पहिल्यापासून."

"आणि तिने नाहीच ऐकलं तर, मामा?"

"मी आहे ना." मग मास्तर जरा चाचरले. "अजून तरी आहे."

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी एक चिमुरडी तांबडीवर बसून दुडक्या चालीने फेऱ्या मारत होती. भाची रिंगणात, मास्तर कुंपणाबाहेर.

"थांब गं बाई," भाची म्हणाली.

तांबडी मंदावली. थांबली. आणि मान वळवून कुंपणाकडे बघत राहिली. थांबल्यावर मास्तरांचं 'शाब्बास' ऐकायची तिला वर्षानुवर्षांची सवय होती.

मास्तरांचा आवाज त्या दिवसापुरता अजून त्यांचाच होता. घोडीला एकदा शेवटचं शाब्बास म्हणावं, असं त्यांना फार वाटलं. पण ओठांवर आलेला शब्द त्यांनी गिळला आणि भाचीकडे बोट दाखवलं.

"शाब्बास," भाची हळूच म्हणाली.

तांबडीचे कान तिच्याकडे वळले.