सुपीच्या दातातलं रक्त

दाताच्या दवाखान्यात पेशंटचं तोंड उघडं असतं तोवर सगळं शांत. ते मिटलं, की त्यातून असं काही बाहेर पडतं की आम्हीच आ वासून बघत राहतो! कोल्हापुरात सरांच्या हाताखाली मी डेंटिस्ट म्हणून लागले आणि किस्से साठतच गेले.

शिरोळचे एक काका दाढ धरून आले. तोंडाला कसला तरी भपकारा!

"ट्रॅक्टरचं डिझेल. बोळा भिजवून ठेवलाय. किडं मरत्यात की!"

आम्ही गार! नंबराला वेळ होता, तर म्हणाले, "तवर भाईर जाऊन बिडी वडून येतो."

सर किंचाळले, "पावणं, खाली बसा!"

*

पन्हाळ्याहून एका बाईंचा फोन आला. लेकाचा दात मुळासकट पडला होता. सर म्हणाले, "दुधात घालून लगेच आणा. जिवंत राहिला तर परत बसवू."

बाई धावतपळत आल्या. डबा उघडला तर वाफ!

"कच्चं दूध नासंल म्हणून उकळून घेतलं. दात बी त्यातच हुता."

सर मटकन खुर्चीत बसले. पेशंटच्या!

*

पुढे सरांनी एका कॉन्फरन्सहून नवंच खूळ आणलं. मेलेला दात आतून साफ करायचा आणि मुळाच्या टोकातून मुद्दाम रक्त काढायचं! त्यातून आत नवा जिवंत भाग तयार होतो म्हणे. आम्ही तर रक्त थांबवायलाच शिकलेलो!

पहिली पेशंट मुरगूडची सुप्रिया, नऊ वर्षांची. सायकलवरून पडून पुढचा दात आतून मरून काळवंडलेला, मूळ अर्धंच वाढलेलं. पोरगी तोंडावर हात ठेवून हसायची, मला फार वाईट वाटायचं. हे फसलं तर दात काढावाच लागणार होता.

भूल दिली, सुई आत गेली, पण रक्त येईना. सरांना घाम फुटला. आणि एकदम, "आलं, आलं!" सर नाचायलाच लागले.

तिचे वडील हादरले. "रगात बघून नाचणारा डॉक्टर पैल्यांदाच बघतोय!"

*

आठव्या दिवशी वडील हजर. "उगवलं का?"

सर म्हणाले, "अहो, कोथिंबीर आहे का ती? वर्ष जाईल!"

*

वर्षभराने एक्स-रेत मूळ वाढलेलं दिसलं. पण दात जिवंत झाला का? मेलेल्या दाताला गार कळत नाही, म्हणून सरांनी बर्फ लावून बघायचं ठरवलं. तिची आई घाबरून बाहेर बाकावरच बसली होती.

सरांनी बर्फाचा तुकडा दाताला टेकवला.

"आई गंऽऽ!" सुप्रिया किंचाळली.

वडिलांचे डोळे भरून आले. मग बेंबीच्या देठापासून ओरडले, "सुपे, आणि एकदा वरड की! भाईर तुझ्या आईला ऐकू जाऊ दे!"