पडद्याच्या मागून

माझा आवडता दिग्दर्शक कोण, असं आता मला कुणी विचारत नाही. विचारलंच तर सांगेन, जो माणसांना पडद्यावर गप्प बसू देतो तो. त्याचा एक सिनेमा मी आणि बायकोने काष्टीच्या यात्रेत तंबूत पाहिला होता. पुढे पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून आम्ही पडद्याच्या मागे बसलो. मागून सगळं उलटं दिसायचं. नवऱ्याची वाट पाहून थकलेली नायिका शेवटी एकटीच जेवते, तीही आम्हाला डाव्या हाताने जेवताना दिसली. माझी बायको डावरी. त्यापायी सासरी तिने लई बोलणी खाल्लेली. "अहो बघा, माझ्यासारखीच हाय!" ती घरी पोहोचेपर्यंत हेच म्हणत होती. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण मी बोललो नाही.

तिला जाऊन दोन वर्षं झाली. काल तोच सिनेमा मोबाईलवर सापडला. नायिका उजव्या हाताने जेवत होती. मला त्या दिग्दर्शकाचा भयंकर राग आला. मी मोबाईल उलटा करून पाहिला. मागे नुसती काळी पाठ होती.