अजून एक पिढी

वेरिबीतल्या त्या घराचा भाडेकरार निनादच्या नावावर होता. सुचवलं यतिननेच होतं. "तुझं नाव टाकू, लायसन्सला ॲड्रेस प्रूफ होईल." निनादला तेव्हा ते उपकार वाटले. यतिन संगमनेरचा, निनादच्या आधी काही वर्षं इथे परदेशात विद्यार्थी म्हणूनच आलेला, आता पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळालेला. निनाद त्याला दादा म्हणायचा.

त्या वर्षी, दोन हजार आठला, जो तो स्वयंपाक शिकायला येत होता. कुकरी केली की पीआर होतो, असं एजंट सांगायचे. राहुरीहून कृषी पदवी घेतलेला निनादही एका कॉलेजात कांदा बारीक कापायला शिकत होता. निनाद त्या घरात राहायला आल्यावर काही दिवसांनी यतिनने मागच्या दोन बेडरूमच्या खिडक्या काळ्या प्लास्टिकने बंद केल्या, बल्ब टांगले, कुंड्या आणल्या.

"हे काय, दादा?"

"टोमॅटो," यतिन म्हणाला, आणि स्वतःच हसला. मग शांतपणे म्हणाला, "तू शेतीवाला ना? बघशील नीट. आणि बाहेर बोलायचं मनात आलं तर लीजवर कुणाचं नाव आहे तेवढं आठव."

तो रागावला नव्हता. डब्यातली मेथीची भाजी वाढून घेत बोलला होता. डबा त्याची बायको मयूरा आणायची.

गांजाची ती झाडं दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नसत. म्हणून बल्ब ठरल्या वेळी बंद करायचे, आणि मग कुणी त्या खोलीचं दार उघडायचं नाही. फटीतून उजेड गेला तरी झाड बावचळायचं. पारनेरला निनादच्या मामाची शेवंती होती. तिथे ती लवकर फुलू नये म्हणून शेतावर दिवे टांगत. इथे त्याला अंधार राखायचा होता. खोलीची रात्र भर दुपारी सुरू व्हायची. तेवढा वेळ तो घरात दबकून वावरायचा, जणू आत कुणी आजारी निजलं आहे. शेजारचा म्हातारा लॉन कापता कापता हात करी, "हाऊ यू गोइंग, मेट?" निनाद म्हणे, "गुड, गुड," आणि आत वळे. कॉलेजातल्या कुणाला त्याने कधी घरी बोलावलं नाही.

मग एका रविवारी यतिनने एक पुडी आणली. कुणीतरी परदेशातून आणवलेलं बी. उत्तरेकडच्या थंड मुलखातलं गांजाचंच खुजं, रानटी वाण होतं ते. त्याला अंधार लागत नव्हता. वय झालं की ते आपोआप फुलायचं, दिवस कितीही मोठा असो. पण त्यात नशा काहीच नव्हती.

"आपल्या झाडात हा गुण आणता येईल?" यतिनने विचारलं.

"संकर करून येईल. वेळ लागेल."

"आण. मग कुठंही रानात टाकता येईल. घर नको, बल्ब नको, आणि तू पण नको. लीज संपली की जा तुझा तू."

निनादने त्याच्याकडे पाहिलं. यतिन थट्टा करत नव्हता.

त्या दिवसापासून निनाद मन लावून काम करू लागला. रानटी नराचे पराग त्याने आधीच्या मोठ्या वाणाच्या मादीवर टाकले. बी आलं, रुजलं, झाडं छातीएवढी झाली. सतत उजेडात एकही फुललं नाही.

"फसवलंस मला," यतिन म्हणाला.

"नाही, दादा. हे असंच होणार होतं. गुण दडलेला असतो. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आला तरच दिसतो. यांचा आपसात संकर केला की पुढच्या पिढीत काही झाडांत वर येईल."

"आमच्या सासूबाईंचा स्वभाव तसाच," दारात उभी मयूरा म्हणाली. "लग्नाआधी याच्यात दिसला नव्हता."

"तू गप गं."

"बघ, आला वर," ती निनादला म्हणाली, आणि निनादला कितीतरी दिवसांनी हसू आलं.

पुढच्या पिढीत तसंच झालं. बरीचशी झाडं नुसती पानं काढत राहिली. थोडी मात्र झगझगीत उजेडात, कुणी रात्र न देता, फुलू लागली. निनाद त्यांच्यापुढे उकिडवा बसून राहिला. राहुरीला ज्वारीच्या प्लॉटवर त्याने हे फक्त पाहिलं होतं, इथे त्याच्या हातून झालं होतं. कुणाला सांगावं तर सांगण्यासारखं माणूस नव्हतं. आईला फोनवर तो म्हणाला, "बरं चाललंय." तिने विचारलं, "आज काय शिकवलं?" तो म्हणाला, "सॉस."

फुललेल्यांचं बी धरून त्याने काचेच्या बरणीत भरलं. यतिन आणि मयूरा आले तेव्हा बरणी टेबलावर होती.

"हे सगळं आपोआप फुलणारं?"

"सगळं."

यतिनने बरणी हलवून पाहिली. "शाब्बास. लीज महिनाअखेर संपतेय ना? घराच्या एजंटला कळवून टाक, सोडतोय म्हणून. खोल्या आपण साफ करू."

एवढंच होतं. निनादला फक्त मान हलवायची होती.

"पण खुजी आहेत," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"गुण आला, पण बापाचं खुजेपणही आलं. मोठ्या आईचा जोर उतरला नाही. हे वाण म्हणून देण्यासारखं नाही, दादा. पुन्हा एकदा मोठ्या झाडाशी संकर करायला हवा. अजून एक पिढी." तो थांबला. तेवढ्यावर थांबणं त्याला खोटं वाटलं. "दोन. एका पिढीत गुण परत दडेल."

बोलून झाल्यावर त्याला आपण काय बोललो ते ऐकू आलं.

मयूरा ताटं मांडता मांडता थबकली. "तुला जायचं होतं ना रे?"

"हो. म्हणजे… असंही चालेल, दादा. आहे हे बी वाईट नाही."

"आता कसं चालेल?" यतिन म्हणाला. त्याचा आवाज प्रेमळ होता. "तूच म्हणालास ना, देण्यासारखं नाही. तू शिकलेला माणूस. तुझा शब्द कसा मोडू? लीज वाढवून घे."

जेवताना मयूराने त्याला न विचारता आणखी भात वाढला, आणि त्याने तो खाल्ला.

ते गेल्यावर निनाद मागच्या, मोठ्या झाडांच्या खोलीत गेला. बल्ब बंद व्हायला अजून वेळ होता. आता आई म्हणून कुठलं झाड घ्यायचं ते ठरवायला हवं होतं. भिंतीलगतच्या एका झाडाच्या खोडाला खुणेची लाल लोकर बांधलेली होती. ती त्यानेच बांधली होती, बरणी भरण्याच्या कितीतरी आधी.