पार्टी उतरली होती तेव्हा

पार्टी हा शब्द मी पहिल्यांदा वडिलांच्या तोंडून ऐकला. निवडणूक आली की ते घरी कमी आणि पार्टीत जास्त असत. आमच्या दहिवलीकडे तेव्हा पार्टी म्हणजे झेंडा, जीप आणि फुकटचा चहा. लग्न होऊन मी खोपोलीला, शिळफाट्याला राहायला गेले तोवर या शब्दाने धंदा बदलला होता. जमीन बघायला गाडीतून उतरणारा कोणीही आता पार्टी झाला होता. पार्टी दमदार असायची, पार्टी फिरायची, पार्टीला दुसराच कोणी पळवायचा. एकतीस डिसेंबरची पार्टी वेगळी. ती दुसऱ्या दिवशी बांधावर काचांच्या रूपात सापडते.

माझ्या धाकट्या भावाने यात आणखी एका अर्थाची भर घातली. वडील गेल्यावर त्याने घराच्या तिन्ही खोल्यांना चकचकीत फरशी बसवली, एसी लावले आणि शनिवार-रविवार घर पाहुण्यांना भाड्याने द्यायला लागला. या पाहुण्यांचं नाव पार्टी. पार्टी उतरली की तो बायकामुलांना घेऊन माळ्यावर जायचा. आईचं डावं अंग गेलेलं, तिला माळा चढवणं शक्य नव्हतं. मी फोनवर विचारलं, तेव्हा तो म्हणाला की आई त्याच्याजवळच असते, मी उगाच काळजी करते. मी ते खरं धरलं. माझ्याही घरात दोन खोल्या आणि सात माणसं होती, आणि त्याचं ऐकून घेणं मला सोयीचं होतं.

एका रविवारी मी न कळवता गेले. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी होती, आईच्या आवडीची. अंगणात अनोळखी मंडळी जेवत होती, गाणी लावलेली होती. आईच्या खोलीत, आईच्या पलंगावर कोणाच्या तरी बॅगा पडल्या होत्या. आई सापडली घरामागे, पंपाच्या खोलीत. खताच्या गोण्या सरकवून खाट टाकली होती. मोटार चालू होती, त्यामुळे तिला मी आल्याचंसुद्धा कळलं नाही. मी तिच्या अंगावर हात ठेवला तशी ती दचकली. जीभ जड झालेली, तरी जोर लावून म्हणाली, "हळू बोल गं. पार्टी हाय."

मी तिला तशीच माझ्या घरी घेऊन जायला निघाले. ती आली नाही. मुलाचं चार लोकांत हसं होईल, असं तिचं म्हणणं. भाऊ डोळे चुकवत म्हणाला की दोनच दिवसांचा प्रश्न असतो. त्या पावसाळ्यानंतर आई गेली. तिच्या तेराव्याला मी त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायले नाही. सगळ्यांना वाटलं, दुःखाने.

पुढे दोन वर्षांनी त्याचा गोड आवाजात फोन आला. घर आणि मागचं शेत विकायचं होतं, पार्टी ठरली होती. वारस म्हणून सातबाऱ्यावर माझंही नाव. आमच्याकडे बहिणीने अशा वेळी हक्कसोडीवर सही करायची असते. साडी घ्यायची, जेवायचं आणि माहेर तुटलं नाही असं समजून घरी जायचं. माझ्या दोन्ही आत्यांनी तेच केलं होतं. मीही करणार, हे त्याने न विचारताच धरलं होतं. मी हो म्हटलं आणि ठरल्या दिवशी कर्जतला गेले.

रजिस्टर ऑफिसबाहेर दस्त लिहिणाऱ्याच्या टेबलाशी आम्ही बसलो. भावाच्या हातात साडीची पिशवी होती. विकत घेणारं जोडपं मुंबईचं, बाई बोलक्या. त्या सांगत होत्या की कितीतरी शनिवार-रविवार आम्ही तुमच्याकडेच राहायला आलो, तेव्हापासून त्या घरात जीव अडकलाय. भाऊ हसत मान डोलवत होता. दस्त लिहिणाऱ्याने सगळ्या पार्ट्या हजर आहेत ना, असं विचारून कागद माझ्यापुढे सरकवला.

मी पेन हातात घेतलं आणि भावाला म्हटलं, "तेव्हा आई कुठं असायची, ते यांना सांग. सांगितलंस की सही करते."

"ताई, इथं नको."

"इथंच."

त्याने नजर कागदावर वळवली. मग म्हणाला, "पंपाच्या खोलीत."

बाईंना आधी समजलं नाही. समजलं तेव्हा त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि भावाला हळूच विचारलं, "म्हणजे आम्ही त्यांच्या पलंगावर...?" त्याचा चेहरा बघून मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

मी पेनाला टोपण लावलं आणि उठले. शब्द दिला होता, तो मोडला. मोडायचा हे घरून निघतानाच ठरवलं होतं.

भाऊ गेटपर्यंत मागे धावत आला. पिशवी अजून हातातच होती. "तुला पायजे तरी काय, ताई? सांग, देतो."

"काही नको," मी म्हटलं. "हवं असतं, तर ते देऊन तू सुटला असतास."