महाराजांचं जेवण

माझे सासरे तरुणपणी कारधा गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, होणाऱ्या नाटकात राजा व्हायचे. नाटक जुनं आणि रडकं. राज्य जातं, लेक जाते, शेवटी राजा उपाशी मरतो. गाव डोळे पुसत घरी जायचं म्हणे. म्हातारपणी डोक्यावर परिणाम झाला, तसं ते मलाही विसरले, पोटच्या पोराला विसरले. ते नाटक तेवढं राहिलं.

मग जेवणच सोडलं. घास पुढे केला की खाटेवरून गर्जना, "प्रजा उपाशी असताना आम्ही अन्नाला शिवणार नाही!" सगळे हात जोडून थकले. एका दुपारी माझं डोकंच फिरलं. वाटी आपटून म्हटलं, "महाराज, प्रजा जेवून झोपली. तुमच्यापायी प्रधानाचे भांडे घासाचे रायले."

ते थबकले. मग ऐटीत म्हणाले, "प्रधानजी, भाजी कशाची?"

"वांग्याची, महाराज."

"मंजूर."

आणि जेवले. मी चुलीपाशी जाऊन पोट धरून हसले. एवढ्या रडक्या नाटकात ही गंमत होती, आणि आजवर कुणाला सापडली नव्हती.

मला सापडली आणि मीच अडकले. आता ते माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाहीत. सकाळी राज्य जातं, संध्याकाळी लेक, आणि त्यावर प्रधानाला दर वेळी नवं उत्तर शोधावं लागतं. कालचं दिलं की तोंड फिरवतात. शेजारीण म्हणते, "तुह्या घरी तं रोजच मंडई हाये वो." तिचं काय जातं! मी कित्येक महिन्यांत वेशीबाहेर पडलेली नाही.

यंदा पवनीला बहिणीच्या लेकीचं लग्न. मी यांना सगळं शिकवून ठेवलं. "तू जाय, मी पाहतो," हे म्हणाले. लग्नाच्या सकाळी शालू नेसले, पिशवी दाराशी ठेवली आणि पडद्याआड उभी राहिले.

"महाराज, प्रजा जेवली," यांनी वाटी पुढे केली.

सासऱ्यांनी यांना खालीवर न्याहाळलं. "प्रधानजी कुठे आहेत?"

"ते लग्नाले गेले, महाराज." आमचे हे असे सरळ.

सासऱ्यांचा चेहरा पडला. मग जे बोलले ते नाटकातलं नव्हतं, आवाजही राजाचा नव्हता. "मंग मी कोनासंग जेवू?"

मला राग आला, रडूही आलं. रस्त्यावरून पवनीची बस गेली. मी पदर खोचून आत गेले आणि यांच्या हातातली वाटी घेतली.

"प्रधानजी," ते लगेच ताठ झाले, "भाजी कशाची?"

"वांग्याची, महाराज."

पवनीच्या मांडवातही तीच असणार होती.