शीव दाखव

"तुमच्या भिवंडीत बघण्यासारखं आहे तरी काय हो?" विहीणबाईंनी हे लग्नाच्या पंगतीतच विचारलं होतं आणि ते माझ्या डोक्यात बसलं होतं. भिवंडी म्हटलं की पुण्याच्या माणसाला दिसतात लूम, ट्रक आणि खड्डे. म्हणून यंदा दिवाळीच्या तोंडावर त्या आल्या, तेव्हा मी हट्टाने सगळा तालुका दाखवला. लोनाडची लेणी, वज्रेश्वरीचं किल्ल्यासारखं देऊळ, गरम पाण्याची कुंडं. कुंडात पाय सोडल्यावर बाई जरा नरमल्या.

शेवट माझ्या माहेरी, वाघोबाच्या दर्शनाने करायचा होता. आमचा वाघोबा म्हणजे उभा दगड, त्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. वाघाने शीव ओलांडून गावात येऊ नये म्हणून त्याला आमच्या शेताच्या बांधावर, गावाच्या शिवेवर बसवलेला. पाड्यावरचे वारली त्याला दिवाळीआधीच्या वाघबारशीला पुजतात, आम्ही आगरीही नारळ फोडतो. ते शेत भावाने गोडाऊनला विकलं, पण देवाला वाऱ्यावर सोडलं नाही हो. साग्रसंगीत पूजा घालून दगड रस्त्याकडेला आणला, टाइल्सचं देऊळ बांधलं, वर ग्रिल. मला त्याचं केवढं कौतुक! पण गाडीतून उतरते तर देवळात कुत्रंही नाही आणि पलीकडे शेतात हा गलका.

भराव टाकायला डंपर लागले होते. एक मागे मागे येत होता, त्याचा भोंगा केकाटत होता, आणि ज्या जागेवर पूर्वी वाघोबा होता, बरोबर तिथे एक म्हातारी मांडी घालून बसली होती. मी ओळखलं. पाड्यावरची काकी, आमच्याकडे किती पावसाळे भात लावलेली.

"अगं काकी, उठ! चेंगरशील!" मी ओरडत धावले. चाक तिच्यापासून हातभर थांबलं.

"मॅडम, आपकी पहचान की है? हटाओ ना इसको," सुपरवायझर म्हणाला.

काकी माझ्याकडे बघून म्हणाली, "बाय, देव हितं हाय. तिकडं नुसता धोंडा नेलाय."

तेवढ्यात भाऊ आला, तापलेला. "म्हातारे, पाव्हण्यांसमोर तमाशा करतेस? एवढं चांगलं देऊळ बांधून दिलं, त्याचं काहीच न्हाय?"

"वाघोबाला घर कशाला, शेट? तो घरात बसला तर शिवंवर कोन बसंल?"

भावाने एकदा टाइल्सच्या देवळाकडे पाहिलं. तो देवाला घाबरणारा माणूस आहे, खोटं कशाला बोलू. घाम पुसत तो नरम आवाजात म्हणाला, "बरं, माझं चुकलं. ही जागा आता माझी न्हाय. पण तू म्हणशील तिथं त्याला शिवंवर पुन्हा बसवतो. आज, आत्ता. टेम्पो मागवतो."

"दाखव शीव," काकी म्हणाली. "दाखव, मी उठते."

भावाने हात वर केला. रस्त्याच्या बाजूला केला, तिकडे गोडाऊन. ओढ्याकडे वळवला, तर ओढा बुजवून तिथेही पत्र्याची शेड, आणि तिला लागूनच पलीकडच्या गावाचं गोडाऊन. ज्या माणसाला बांध न् बांध पाठ होता, त्याला आमचं गाव कुठे संपतं ते बोटाने दाखवता येईना. हात तसाच हवेत राहिला.

काकीने त्या हाताबरोबर मान फिरवून सगळं बघितलं. मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली. मला वाटलं, आता शिव्याशाप देईल.

"शीव न्हायच राहिली व्हय," ती म्हणाली. "मंग मी तरी कशाला बसू?"

लुगड्याची माती झटकून ती पाड्याकडे चालायला लागली. मी हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही. मागे डंपरने भराव ओतला. ती भांडत बसून राहिली असती, तर मला सोसलं असतं.